सोलापूरला वाघ-सिंहांचं प्राणिसंग्रहालय हवं, की नान्नजचा माळ?

माळावरचा

महात्मा गांधी प्राणिसंग्रहालयाचा विषय निघाला की आपल्या सोलापुरात एकच सूर लागतो. पुण्याला कात्रज आहे, मुंबईला राणीची बाग आहे, तिथं २०१६ पासून पेंग्विनसुद्धा आहेत, मग सोलापूरनंच काय घोडं मारलंय? मोठं करा, वाघ आणा, सिंह आणा.

माझं मत याच्या नेमकं उलट आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर खोडून काढावं, पण आधी पूर्ण वाचावं.

शहरापासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रोडला, नान्नजचा माळ आहे. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी इथं अभयारण्य जाहीर झालं. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढ्या वजनाचे आणि तरी उडणारे पक्षी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं देशात मोजक्या ठिकाणी माळढोकाचा अभ्यास केला, त्यातलं एक ठिकाण आपलं नान्नज. पावसाळ्यात नर गळ्याची पांढरी पिशवी फुगवून घुमायचा, तो आवाज लांबवर जायचा. आज देशभरातल्या रानांत मिळून दीडशेच्या आसपासच पक्षी उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. २०११ पासून हा पक्षी जागतिक यादीत 'अतिधोक्यात' या रकान्यात आहे. नान्नजला आता तो दिसला तर बातमी होते.

तरीही माळ रिकामा नाही. हिवाळ्यात सकाळी लवकर जा. काळविटांचा कळप चरत असतो, एखादा काळाभोर नर मान मागे टाकून, शिंगं पाठीला टेकवून माद्यांच्या मागे मागे चालत असतो. चरून आखूड झालेल्या गवतात धाविक पक्षी चार पावलं पळतो, थांबतो, वाकून किडा उचलतो, पुन्हा पळतो. थंडीत परदेशातून आलेले भोवत्या ससाणे गवतावरून अगदी खालून फिरतात. नशीब असेल तर लांडगा दिसतो. आपल्या देशात लांडगे साधारण तीन हजारांच्या घरात आहेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. वाघासाठी आपल्याकडे राखीव जंगलं आहेत. लांडगा मात्र बहुतांशी माळावर, शेताच्या बांधावर, राखीव जंगलाच्या संरक्षणाशिवाय जगतो.

आणि या माळाचं सरकारदरबारी मोल काय? पडीक. झाड नाही म्हणजे काहीच नाही, अशी आपली समजूत. मग तिथं ग्लिरिसिडिया लावा, सुबाभूळ लावा, सौर प्रकल्प उभारा. ज्या पक्ष्याला चारी बाजूंनी लांबवर दिसलं तरच सुरक्षित वाटतं, त्याच्या घरात आपण झाडी वाढवली.

म्हणून मी म्हणतो, सोलापूरनं वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यावर एक रुपया घालू नये. तो पैसा, ती माणसं, ती हौस माळाला द्यावी. आपल्या पोरांना आफ्रिकेच्या सिंहाची आयाळ ठाऊक आहे, स्वतःच्या तालुक्यातला लांडगा कुत्र्यापासून ओळखता येत नाही. याला शिक्षण म्हणायचं का?

---

शाळेची बाई

पूर्ण वाचलं. पटलं नाही.

मी शहराच्या पूर्व भागात शिकवते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर आहेत. घरी तेलुगू, शाळेत मराठी. या मुलांच्या आयुष्यात 'हिवाळ्यात सकाळी लवकर नान्नजला जा' हे वाक्य कुठं बसतं? बस ठरवायची म्हणजे माणशी किती पडतात, ते तुम्ही एकदा विचारून बघा. त्या पैशांसाठी पालकांना चिठ्ठी पाठवली की दुसऱ्या दिवशी वर्गात तिसरा हिस्सा मुलं गैरहजर असतात, कारण 'नाही' म्हणायची त्यांना लाज वाटते.

शहरातलं प्राणिसंग्रहालय म्हणजे सिटी बसचं तिकीट. आजीला, धाकट्या भावाला घेऊन, रविवारी जाता येतं.

आणि माळावर काय दिसेल याची खात्री नाही, हे तुम्हीच लिहिलंय. दुसरीतल्या पोराला दोन तास उन्हात चालवून 'तो बघ, तिकडे लांब ठिपका दिसतो ना, ते काळवीट' असं सांगायचं? मोठ्यांना त्यात आनंद आहे. सात वर्षांच्या मुलाला समोर, जवळ, श्वास घेणारं जनावर बघायचं असतं.

एक उदाहरण देते. आमची सहल कात्रजला गेली होती. माझी एक विद्यार्थिनी मगरीसमोरून हलेचना. मगर तोंड उघडून पडून होती. हिला वाटलं, ती चावायला टपलीय. तिथल्या माणसानं सांगितलं की तिला घाम येत नाही, जास्त तापली की ती तोंड उघडं ठेवून अंगातली उष्णता कमी करते. परत आल्यावर तिनं मगर काढली. आधी ती मगर काढायची तेव्हा नुसते दात असायचे. या चित्रात डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या अंगाला होत्या, बाकी सगळं अंग पाण्याखाली. हे पुस्तकातल्या चित्रावरून आलेलं नव्हतं, डोळ्यांनी बघून आलेलं होतं.

म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय १८९२ सालचं आहे. तिथं लोक प्राणी दत्तक घेतात, म्हणजे त्याच्या वर्षाच्या खाण्याचा खर्च उचलतात. सोलापुरात हे का होऊ नये? नीट चालवा म्हणा, बंद करा म्हणू नका.

---

मोकळं रान

बाई, तुमच्या मुलीच्या चित्राबद्दल मला आदरच आहे. पण त्या मगरीचं काय? मगर निदान पडून राहणारा प्राणी आहे. लांडगा, अस्वल, बिबट्या यांचं काय करायचं?

२००३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. निसर्गात ज्या मांसभक्षी प्राण्यांचा वावर जितका मोठा, तितके ते पिंजऱ्यात जास्त येरझाऱ्या घालतात आणि त्यांची पिल्लंही जास्त मरतात, असा त्याचा निष्कर्ष. ध्रुवीय अस्वलाला मिळणारा पिंजरा त्याच्या नैसर्गिक क्षेत्राच्या साधारण दहा लाखावा भाग भरतो, असंही त्यात होतं. आपण तो प्राणी बघतो आणि म्हणतो, बघ, कसा रुबाबात फिरतोय. तो रुबाब नव्हे. तीच पाच पावलं, तेच वळण, भिंतीला त्याच जागी खांदा घासणं. तिथलं रंग गेलेलं सिमेंट बघा, म्हणजे कळेल.

मुलं हे सगळं शिकतात. जनावर आपल्यासाठी ठेवलेलं असतं, ते झोपलं असेल तर हाका मारून उठवायचं असतं, हे शिकतात. वन्यजीव कायद्यात ३८-जे नावाचं कलम आहे. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, खायला टाकणं, आरडाओरडा करून त्रास देणं, तिथं कचरा करणं, सगळ्याला त्यात मनाई आहे. फलकही लावलेले असतात. त्याच फलकाखाली उभं राहून लोक शेंगदाणे फेकतात, आणि फेकणाऱ्याच्या कडेवर पोर असतं.

माझा विरोध पिंजऱ्याला आहे, मग तो शहरात असो की रानात. माळढोकाची अंडी उचलून यंत्रात उबवायची, याचं आता फार कौतुक होतं. पक्षी मरतोय विजेच्या तारांना धडकून आणि माळ संपल्यामुळं. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना आहेत, समोरचं त्याला कमी दिसतं, वजन जास्त, ऐनवेळी वळता येत नाही. तारा तशाच ठेवून पिल्लं वाढवायची आणि सोडायची कुठं? त्याच तारांत?

---

जनावरांचा डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे. काही वर्षं प्राणिसंग्रहालयात काम केलंय, आता गाई-म्हशींत आहे. वरच्या प्रतिसादाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही, कारण 'पिंजरा नको' एवढ्यावर थांबलो असतो तर काही प्राणी आज जगातच नसते.

अरबी ओरिक्स हे वाळवंटातलं हरीण. १९७२ मध्ये रानातलं शेवटचं मारलं गेलं. अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात काही जनावरं आधीच नेऊन वाढवली होती, त्यांच्याच वंशातली १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडली. कॅलिफोर्नियाचं काँडर गिधाड १९८२ मध्ये २२ पक्ष्यांवर आलं होतं. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीसुद्धा पकडून आणला. तेव्हाही 'मोकळं मरू द्या, पण पिंजऱ्यात नको' म्हणणारे होतेच. आज पाचशेच्या वर आहेत आणि त्यातले बरेच आकाशात आहेत. आपल्याकडचं बघायचं तर आसामातलं पिग्मी हॉग, म्हणजे गुडघ्याएवढंही नसलेलं रानडुक्कर. १९९६ मध्ये मूठभर पकडून गुवाहाटीजवळ बसिष्ठ इथं प्रजनन सुरू केलं, २००८ पासून गवताळ रानात सोडतायत. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात वाढलेले लाल पांडा सिंगालीलाच्या जंगलात गेलेत.

माळढोकाचं म्हणाल, तर मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यावर कुत्री, कोल्हे, घोरपडी, चरायला आलेली गुरं, सगळ्यांचं संकट. २०१९ मध्ये जैसलमेरच्या सम इथं भारतीय वन्यजीव संस्था आणि राजस्थान वन विभागानं अंडी उबवायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. गाईंत हे काम मी रोज करतो. तरी सांगतो, नराला माणसाची सवय लावून, त्याला इजा न करता वीर्य मिळवायचं आणि ते ताजं असतानाच दुसऱ्या केंद्रातल्या मादीपर्यंत पोहोचवायचं, हे किती नाजूक काम आहे याची कल्पना बाहेरून येत नाही. तारा काढायलाच हव्यात, त्यात दुमत नाही. पण तारा निघेपर्यंत पक्षी शिल्लक तर पाहिजे.

आता दुसरी बाजू. मी काम केलं त्या ठिकाणचं नाव घेत नाही. तिथं डॉक्टरकडे प्राणिसंग्रहालयाबरोबर आणखी दोन कामांचा चार्ज होता. बेशुद्धीचं औषध संपलं तर मागणीपत्र महिनाभर फिरायचं. पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला, जिथं प्रेक्षक जात नाहीत, तिथली फरशी सतत ओली आणि त्यामुळं पंजे सडायचे. तिथले रखवालदार मात्र जीव लावणारे. एक जण बिबटीणीच्या नुसत्या ताटाकडं बघून सांगायचा की हिला उद्या ताप येणार, आणि यायचा. अशा माणसांना कंत्राटी ठेवून, दर वर्षी बदलून, कुठलंही प्राणिसंग्रहालय नीट चालणार नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ पासून आहे, त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. नियम चांगले आहेत. ते पाळायला लागणारा पगार आणि माणूसबळ छोट्या शहरांच्या अंदाजपत्रकात नसतं.

---

माळावरचा

डॉक्टरसाहेब, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूनं जातो. सम काय, बसिष्ठ काय, हरियाणात पिंजोरला गिधाडांचं केंद्र आहे ते काय, ही सगळी ठिकाणं तिकीट काढून रविवारी बघायची नाहीत. माणसांपासून लांब ठेवली म्हणूनच ती यशस्वी झाली. माणसाळलेलं पिल्लू रानात सोडून उपयोग नसतो. म्हणजे संवर्धन करणारा पिंजरा वेगळा आणि गर्दी खेचणारा पिंजरा वेगळा. प्राणिसंग्रहालयाची मागणी करताना आपण पहिल्याचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर लिहितो.

गिधाडांचंच घ्या. नव्वदच्या दशकापासून पंधराएक वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली. कारण सापडलं ते डायक्लोफिनॅक, गुरांना देतात ते वेदनाशामक. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात गेलं की मूत्रपिंड निकामी. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. ती बंदी नसती तर पिंजोरला हजार पिल्लं वाढवूनही एकही जगलं नसतं. मूळ कारण रानात असतं, उपायही तिथंच करावा लागतो.

---

जनावरांचा डॉक्टर

अर्धं बरोबर. ओरिक्स वाचलं ते फिनिक्सच्या उघड्या प्राणिसंग्रहालयात. काँडर वाढवले लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयांनी, जिथं लाखो लोक तिकीट काढून जातात. दार्जिलिंगही उघडंच आहे. पक्षी पडद्याआड ठेवले, पण ते ठेवणारी माणसं, दवाखाना, चाऱ्याचं शास्त्र, हे सगळं त्या तिकिटांवर उभं राहिलं. अनुभव आभाळातून पडत नाही. रोज जनावर हाताळणारी माणसं कुठंतरी घडावी लागतात.

---

अक्कलकोटकर

एक साधा मुद्दा. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणारे भाविक वर्षभर सोलापुरातून जातात. सिद्धेश्वर आणि भुईकोट किल्ला बघून पुढं निघतात. चांगलं प्राणिसंग्रहालय असेल तर मुक्काम करतील, रिक्षावाल्याला, हॉटेलवाल्याला चार पैसे मिळतील. शहराला रोजगार पाहिजे की नको?

---

माळावरचा

रोजगार पाहिजेच. पण २०२० आठवा. टाळेबंदीत देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांची दारं बंद झाली, तिकिटाचं उत्पन्न शून्यावर आलं आणि जनावरांना खायला मात्र रोज लागत होतं. बाग बंद ठेवता येते, सिंह बंद ठेवता येत नाही. एकदा आणला की पंधरा-वीस वर्षांचा शब्द देऊन बसतो आपण. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४च्या पुढं जातो, त्यात कूलर, फवारे, पाणी आलं. शहराला नळाचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, हे मी सोलापूरकरांना सांगायला नको.

---

कारंबा रोड

इतका वेळ वाचत होतो. आता आमचंही ऐका.

माळढोक, माळढोक म्हणताय, त्या माळाच्या कडेला आमची शेती आहे. १९७९ ला अभयारण्य केलं ते किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके त्यात घातले. गावं आत, खासगी रानं आत. त्यानंतर जमिनीची खरेदी-विक्री अडकली, बिनशेती अडकली, पोराला घर बांधायचं तर परवानगी, कारखाना आला तर परवानगी. पुढं कोर्टात जाऊन ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पण मधली तीसेक वर्षं गेली ती गेलीच. आमच्या बापाच्या पिढीनं त्या पक्ष्याला शिव्या घातल्या. पक्ष्यानं काय केलं होतं? काहीच नाही. पूर्वी आमच्या भुईमुगात, हुलग्यात तो किडे वेचायचा, म्हातारी माणसं त्याला हाकलत पण नव्हती. सरकारनं त्याला आमचा वैरी करून ठेवलं.

नान्नज हे सोनाका द्राक्षांचं गाव आहे. द्राक्षाला पाणी लागतं, पाण्याला मोटर लागते, मोटरला तार लागते. तारा जमिनीखालून घाला म्हणता, घाला की. खर्च कोण करणार ते सांगा. माझ्या बागेवर ती पट्टी बसणार असेल तर मी आत्ताच नाही म्हणतो.

आणि लांडगा. तुम्हाला तो दुर्बिणीतून लई देखणा दिसतो. आमच्या शेजारच्या धनगराच्या वाड्यावरनं कोकरू उचललं की त्याची पोरगी दोन दिवस जेवत नाही. पंचनाम्याला माणूस यायच्या आत उरलेलं कुत्री खातात, मग पुरावा नाही म्हणून भरपाई नाही. तरी तो धनगर लांडग्याला विष घालत नाही. का, तर म्हणतो, त्याचा पण वाटा असतो. ही समज त्याला कुठल्या प्राणिसंग्रहालयानं शिकवली नाही, आणि अभयारण्याच्या फलकानंपण नाही.

माळ वाचवायचा तर वाचवा. पण शहरातल्यांनी ठरवायचं आणि आम्ही भोगायचं, हे परत नको.

---

मोकळं रान

कारंबा रोड, तुमच्या धनगराचं वाचून मला माझं म्हणणं जास्त ठाम मांडावंसं वाटतं. लांडग्याबरोबर राहायची अक्कल त्याच्याकडं आहे आणि त्याच्याकडं कुणी मुलं पाठवत नाही. शाळेनं त्याला बोलवावं. कळपाची कुत्री कशी राखतात, रात्री वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, कसं लावतात, लांडगा कुठल्या अंगानं येतो, हे त्यानं तासभर सांगितलं तर कुठल्याही पिंजऱ्यापेक्षा जास्त पोहोचेल. आणि मी अजूनही म्हणतो, धडधाकट प्राणी बघण्यासाठी कोंडू नये. जखमी असेल तर गोष्ट वेगळी.

---

जनावरांचा डॉक्टर

जखमीवरून सांगतो, कारण माझ्या मते सोलापूरची खरी गरज तीच आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. उसात सापडलेले, विहिरीत पडलेले, फाशात पाय गेलेले बिबटे तिथं येतात. सोडण्याजोगे असतील ते सुटतात, नसतील ते तिथंच राहतात. आपल्या जिल्ह्यात गाडीनं उडवलेलं काळवीट, मांज्यात अडकलेली घार, विहिरीत पडलेला लांडगा, यांना चोवीस तास घेणारी सुसज्ज जागा हवी. काळवीट तर नुसतं पकडलं तरी भीतीनं स्नायू निकामी होऊन मरू शकतं. त्याला पुण्याला नेईपर्यंत काही उरत नाही. डोळे बांधून, अंधाऱ्या गाडीत, आवाज न करता अर्ध्या तासात पोहोचवलं तर वाचू शकतं.

वाघ-सिंह आणू नका, हे मला मान्य आहे. पण प्राणिसंग्रहालयासाठी राखलेली जागा मोडीत काढू नका. तिथंच हे निवारा केंद्र करा. एक पंख गेलेली घार, आंधळं कोल्हं, परत न जाऊ शकणारे आपल्याच जिल्ह्याचे दहा-पंधरा प्राणी लोकांना बघू द्या. बाईंच्या मुलांना जवळून जनावर दिसेल, आणि ते तिथं का आहे याचं खरं उत्तरही देता येईल.

---

माळावरचा

डॉक्टरसाहेबांच्या या सूचनेला माझा पाठिंबा. फक्त एक अट, ते केंद्र चालवणारी माणसं कायम पगारावर असावीत.

कारंबा रोड, तुमच्या रागाचं उत्तर माझ्याकडं नाही, पण एक चालू असलेलं उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूरकडं कडबनवाडी आणि बारामतीकडं शिर्सुफळ इथं वन विभागानं २०२३ पासून गवताळ सफारी सुरू केली. वाटाड्या गावातलाच, पैशातला वाटा गावाला. लांडगा, चिंकारा, तरस, कोल्हा बघायला लोक पुण्याहून येतात. नान्नजला हे का होऊ नये? तुमची पोरं वाटाडे, तुमच्या वस्तीवर हुरडा, भाकरी, चटणी. लांडगा दिसला की गावात पैसा येतो, असं झालं तर भरपाईच्या कागदासाठीही गावाचा रेटा लागेल.

---

कारंबा रोड

कल्पना वाईट नाही. पण वाटा कुणाच्या खात्यात जाणार, समितीवर कोण बसणार, हे आधी ग्रामसभेत लिहून पाहिजे. आणि धनगराच्या कोकराची भरपाई आधी, सफारी नंतर. उलट्या क्रमानं आलात तर गाव उभं राहणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

हुरड्याला या, जरूर या. पैसे नाही घेणार.

---

शाळेची बाई

निवारा केंद्राला माझी हरकत नाही. धनगरांना शाळेत बोलवायचं मी मुख्याध्यापकांकडं काढणार आहे, ते फार आवडलं. आठवीच्या मुलांना डिसेंबरात नान्नजला न्यायचीही तयारी आहे.

पण दुसरीच्या मुलांसाठी मी प्राणिसंग्रहालय मागणारच. एक पंख गेलेली घार हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. मुलाला सगळ्यात आधी धडधाकट, उमदं जनावर दिसावं. पहिलं दर्शन लंगड्याचं आणि आंधळ्याचं झालं तर मनात नुसती कीव बसते, आणि कीव आलेल्या गोष्टीसाठी कुणी भांडत नाही. काळविटांना मोठं, झाडा-गवताचं आवार द्या, मोर, ससे, कासवं, मगर ठेवा. वाघ नको तर नको.

आणि माळावरचे, नान्नजला साठ मुली घेऊन यायचं तर मला सांगा, तिथं मुलींसाठी चालू स्थितीतली किती स्वच्छतागृहं आहेत? पाणी भरायची सोय कुठं? सावलीत बसून डबा खाता येईल अशी जागा किती? एखादीला चक्कर आली तर जवळचा दवाखाना कोणता? मुख्याध्यापक सहीच्या आधी हेच विचारणार आहेत, आणि यातल्या एकाचंही उत्तर तुमच्या माळावरच्या लिखाणात मला सापडलं नाही.